कोणती राखायची

पुतण्याच्या गोठ्यात मधल्या मेढीला खिळा ठोकून एक वही टांगलेली असते. शाळेची, रेघांची, पुठ्ठ्यावर शेणामातीच्या बोटांचे ठसे उमटलेली. एकेका गाईला एकेक पान. नाव, रंग, दात, आई, बाप, आईची आई, कधी फळली, कधी व्याली, काय झालं. हरणीचं पान उघडलं की ‘कोसी, कपाळ रुंद, चारदाती’ एवढं वळणदार अक्षरात दिसतं आणि त्यापुढे आई, बाप, आजी या तीन रकान्यांत नुसती आडवी रेघ. चांदीच्या पानावर तसंच. मोरीच्या पानावरही तसंच. बाजारातून आणलेल्या गाईला बाजाराच्या आधीचं काही नसतं. विकणारा सांगतो, ‘आमच्याच दावणीची हाय, घरच्या गाईची’, आणि तो खरंही सांगत असेल. पण वहीत उतरवण्याइतकं ते पुतण्याला पक्कं वाटलं नाही. त्यानं रेघ मारली. मला त्या रेघेचं कौतुक वाटलं. आमच्या घराण्यात स्वतःच्या पणज्यांविषयीसुद्धा इतक्या काटेकोरपणे कुणी गप्प बसलेलं नाही.

आमची वस्ती आटपाडीच्या अंगाला. माणदेशातला हा भाग, पाऊस कमी, दगड पुष्कळ. माझ्या लहानपणी दावणीला खिल्लार जनावरं होती. १९७२च्या दुष्काळात ती एकेक करून गेली. कुठे गेली हे मुलांना सांगायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. पुढे भावानं दुधासाठी जर्सी आणल्या. टेंभू योजनेचं पाणी आलं तशी डाळिंबं आली, ऊस आला, ट्रॅक्टर आला. पुतण्या पुण्यात कारखान्यात कामाला होता, तो टाळेबंदीत गावी आला आणि परत गेलाच नाही. एक दिवस म्हणाला, खिल्लार पाळायच्या. पाळायच्या म्हणजे एक-दोन नव्हे, कळप करायचा. वस्तीवरच्या शहाण्यांनी त्याला हिशेब करून दाखवला. खिल्लार गाय दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते, तेही वासराला पाजून उरलं तर. ही जातच मुळी ओढकामाची. मोट, नांगर, गाडी यांसाठी पिढ्यान् पिढ्या निवडत आणलेली. मोट गेली, नांगर ट्रॅक्टरला लागला. मग या गाई कशासाठी? त्यानं बरंच काही सांगून पाहिलं: शेणखत, गोमूत्र, तुपाचा भाव. शेवटी म्हणाला, ‘बघायला बऱ्या वाटत्यात.’ सगळ्या उत्तरांत हेच मला विश्वासार्ह वाटलं. माणसं आयुष्यात मोठमोठी कामं याच एका कारणासाठी करतात आणि बाकीची कारणं बँकेच्या कर्जाच्या अर्जात लिहितात.

खरसुंडीला सिद्धनाथाची पौषातली यात्रा भरते, तिथं जनावरांचा मोठा बाजार असतो. गाई घ्यायला आम्ही सगळेच गेलो. शेजारच्या वस्तीवरचे आण्णाही होते. त्यांची हयात खोंडं जोडण्यात गेलेली. बाजारात गाय बघणं हा एक वेगळाच उद्योग आहे. पुढे होऊन खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा, दात मोजायचे. दुधाचे सगळे शाबूत असले तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सगळे आले की जुळली. मग मागे सरून नजर शिंगांवर. खिल्लारचं शिंग कपाळातून निघतं ते मागे जातं आणि मग वर, टोकाशी सुईसारखं. दोन शिंगांत अंतर किती, पाठीची रेघ सरळ आहे का, खूर काळे आणि मिटलेले आहेत का, शेपटीचा गोंडा कुठवर येतो, अंगावर भोवरे कुठं कुठं. पुरुषमंडळी हे सगळं एक डोळा बारीक करून बघत होती. वहिनी गाईच्या मागे गेली, खाली बसली आणि सड बघू लागली. चारी सड सारखे आहेत का, हात लावला तर लाथ मारते का, कुठे गाठ लागते का. मग उठून तिनं गाईच्या तोंडापुढे पदराचं टोक धरलं. का, ते मी विचारलं. ‘हुंगती का घाबरती ते बघायचं, वन्सं. घाबरट गाय रातीला व्यायली की वासरू तुडवती.’

भाव रुमालाखाली ठरत होते. हातात हात, वरून उपरणं, आत बोटांची दाबादाबी आणि दोघांचेही चेहरे आभाळाकडे. आण्णा मात्र बाजूला बसून तंबाखू मळत होते. पुतण्यानं त्यांना विचारलं, ‘आण्णा, ही कशी वाटती?’ ते म्हणाले, ‘गाय बघू नगंस. तिची आय बघ.’

आई बाजारात कुठून असणार? आई ज्याच्या दावणीला चांगली निघाली, तो तिला बाजारात आणतच नाही. तिच्या पोटची कालवड चांगली निघाली तर तीही आणत नाही. राखतो. बाजारात येते ती कुणीतरी न राखलेली. तेव्हा नवा कळप करायला निघालेला माणूस हा नेहमी दुसऱ्यांच्या उरलेल्यांतून सुरुवात करतो. अर्थात न राखण्याची कारणं सगळी गाईतच असतात असं नाही. कुठे लेकीचं लग्न असतं, कुठे दवाखान्याचं बिल, कुठे भावाभावांत वाटणी झालेली असते आणि एका दाव्याला दोन मालक झालेले असतात. कुठे नुसताच कडबा संपलेला असतो. खोड गाईत आहे की घरात, हे ओळखण्यावर सगळा डाव. हरणी आम्हाला मिळाली ती अशाच एका घरच्या अडचणीमुळे, असं वहिनीचं ठाम मत आहे. कारण विकणाऱ्याच्या बायकोनं दावं हातातून सोडायला फार वेळ घेतला. आण्णांचं मत, हरणी माजावर येऊन फळत नसणार. दोघांनाही आपलं मत बदलावं लागेल असं अजून काही घडलेलं नाही: हरणी फळली, पण उशिरा.

जुन्या सरकारी पुस्तकांत खिल्लारचे प्रकार नोंदलेले आहेत: आटपाडी महाल, म्हसवड, तापीखोऱ्यातले थिल्लारी आणि नकली. नकली म्हणजे माणसांनी अस्सलाच्या बाहेर ढकललेली, पण गाडीला तितकीच जोरानं पळणारी. बाजारातली माणसं हे शब्द फारसे वापरत नाहीत. ती कोसा म्हणतात, डोळ्यांभोवती काळी कड असली तर काजळी म्हणतात. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या माथ्यावर विटकरी तांबूस झाक असते. दुसऱ्या जातीचं रक्त आलं की काय, अशी परक्याला शंका यावी इतकी स्पष्ट. दोन-तीन महिन्यांत ती विरते आणि वासरू पांढरं होतं. मोरीची पहिली कालवड झाली तेव्हा पुतण्या त्या तांबूस माथ्यावरून सारखा हात फिरवत होता. वहीत त्या कालवडीचं पान उघडलं, आईच्या रकान्यात मोरी लिहिलं, आजीच्या रकान्यात रेघ. एक रकाना भरला.

कळपाचा काळ फार सावकाश चालतो. गाय गाभण राहिली की नऊ महिने नऊ दिवस, इथवर माणसासारखंच. पण आधी ती गाभण राहायला हवी. एकवीस दिवसांनी माजावर येते, माज टिकतो दिवसभर, कधी तेवढाही नाही. रात्री हंबरली, वैरणीला तोंड लावलं नाही, दुसरीच्या अंगावर चढली, मागून काचेसारखी सोट सुटली, तर कळायचं. एखादीचा माज मुकाच असतो, तो कुणालाच ऐकू येत नाही. हुकला की पुन्हा एकवीस दिवस. मग निम्म्या वेळा खोंड होणार. कालवड झाली तर ती स्वतः व्यायला खिल्लारमध्ये चार-साडेचार वर्षं घेते. म्हणजे आज आणलेल्या गाईची नात दूध देऊ लागेपर्यंत नऊ-दहा वर्षं गेली. जर्सीवाला शेजारी तेवढ्यात दोनदा गोठा बदलतो. पुतण्या हे सगळं पाठ असल्यासारखं सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘आत्या, माझी गाय आणि तिची आय, दोघी माझ्याच गोठ्यात जन्मलेल्या असल्या की मग कळप म्हणायचं. तवर नुसत्या गाई.’ तो तेव्हा चाळिशीच्या पुढे असेल. आण्णा नसतील. माझंही सांगता येत नाही.

बापाच्या रकान्याची गोष्ट वेगळी आहे. पूर्वी गावात देवाच्या नावानं सोडलेला वळू असायचा. कुणाच्याही रानात चरायचा, कुणी हाकलत नसे, फार तर शिव्या देत. गावच्या सगळ्या वासरांचा बाप तोच, त्यामुळे विचारायचा प्रश्न नव्हता. तो वळू आता नाही. पिकं महाग झाली आणि देवाच्या नावावर सूट मिळेनाशी झाली. आता डॉक्टर मोटारसायकलवरून येतो, नळकांड्याचं झाकण उघडतो, आतून पांढरी वाफ येते. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली एक बारीक कांडी. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बायफ ही संस्था सुरू केली आणि या कांड्यांनी परदेशी रक्त महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांपर्यंत नेलं. जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरातून दूध आलं, घरं उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आता तशाच कांडीतून खिल्लारही मिळतो. गंमत अशी की आमच्या गोठ्यात आईची आई कुणालाच माहीत नाही, पण बापाला नंबर आहे. पुतण्या तो नंबर वहीत फार जपून लिहितो. वहिनी त्या बापाला ‘नळीतला पाव्हणा’ म्हणते.

नंबर लिहायचं कारण साधं आहे: बापाची लेक त्याच बापाला जाऊ नये. छोट्या कळपात ही पाळी लवकर येते. चांगला वळू मिळाला की माणसाचा त्याच्यात जीव अडकतो, आणखी एक वर्ष म्हणता म्हणता त्याच्याच कालवडी माजावर येतात. मग रक्त जवळ येतं. वासरं लहान होतात, गाई फळायला नखरे करतात. नेहमीच होतं असंही नाही, आणि तिथंच माणूस फसतो. इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलंडमध्ये चिलिंगहम म्हणून जागा आहे. तिथं पांढऱ्या रानगुरांचा एक कळप शतकानुशतकं एकाच आवारात राहतो आहे, बाहेरचं जनावर आत आलेलं नाही. १९४७च्या कडक हिवाळ्यात त्यातली फक्त तेरा उरली. त्या तेरांतून कळप पुन्हा वाढला, शंभराच्या वर गेला. तपासलं तर सगळी जनावरं जवळजवळ एकसारखी निघतात, जणू एकाच गाईच्या सावल्या. मी हे पुतण्याला उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, ‘त्यांना कुणी दूध मागत न्हाई, गाडीला जुंपत न्हाई. नुसतं जगायचं असलं तर जमतंय.’

खिल्लारचं मूळ शोधणारे म्हैसूरच्या हळ्ळीकार गुरांपर्यंत जातात. त्याच मुलखात वोडेयार राजांनी सतराव्या शतकात दरबारी कळप ठेवला होता, बेण्णे चावडी या नावाचा, म्हणजे लोण्याचं खातं. टिपूनं त्याचं नाव अमृत महाल केलं आणि लोण्याच्या खात्याचं काम तोफा ओढणं हे झालं. श्रीरंगपट्टण पडल्यावर, १७९९ मध्ये, कळप इंग्रजांकडे गेला. पुढे १८६०च्या सुमाराला कुणीतरी खर्चाकडे बोट दाखवलं आणि कळप मोडून टाकला. थोड्याच वर्षांत लष्कराला बैल मिळेनात. १८६६ मध्ये पुन्हा जुळवाजुळव सुरू झाली. मला त्या मधल्या वर्षांचं फार कुतूहल वाटतं. विकलेल्या गाई गावोगाव पांगलेल्या. आता सरकारी माणसं दारोदार विचारत हिंडतायत, तुमच्याकडची ही गाय कुठली? आणि शेतकरी, ज्यानं ती लिलावात स्वस्तात घेतली, तो कपाळावर आठ्या घालून म्हणत असेल, घरच्याच गाईची हाय साहेब. मोडायला एक सही पुरते. जुळवायला सरकारसुद्धा शेवटी बाजारातच येतं.

कळपाच्या गोष्टीत ज्याच्याबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही, ते खोंड. निम्मी वासरं खोंडच होणार. पूर्वी तेच पीक होतं; खोंड विकून वर्ष निघायचं, गाय ही केवळ खोंडाची आई. आता नांगराला बैल लागत नाही. जे चपळ निघतात, त्यांना शर्यतवाले नेतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, तेव्हा आमच्या भागात चांगल्या खोंडालाही गिऱ्हाईक मिळेना. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानंही शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला, आणि भाव असे चढले की पळणाऱ्या खोंडाची किंमत ऐकून माझ्या पेन्शनला लाज वाटावी. पण पळणारा दहांत एखादा. बाकीच्यांचं काय? २०१५ पासून बैल कत्तलीला देता येत नाही, शेताला नको, आणि खातो तर गाईइतकंच. पुतण्या त्यांना ओळखीच्यांत देतो, कधी फुकट. दिलेल्याची चौकशी तो करत नाही. मी एकदा केली, तर त्यानं पेंडीच्या भावाचा विषय काढला. १९७२चा रिवाज अजून मोडलेला नाही म्हणायचं.

घरातलं खरं भांडण मात्र दुधावर आहे. शर्यतीचा खोंड घडवायचा तर त्याला आईचं सगळं दूध सोडतात. काही ठिकाणी एका खोंडाला दोन गाई पाजतात. कालवडीला काय, एखादा सड, तोही सुटता सुटता. तिच्या बरगड्या दिसल्या तरी कुणी काही म्हणत नाही, कारण ती विकायची नसते. वहिनीनं एका संध्याकाळी पुतण्याला चांगलंच धरलं. ‘कळप कुणाचा करतुयास? खोंडं जाणार. राहणार ह्या. आन् ह्यांनाच उपाशी ठिवतुयास?’ त्यावर तो काही बोलला नाही. त्यानंतर मी बघते, धार काढताना वहिनी मोरीचे दोन सड मुद्दाम विसरते. चार-साडेचार वर्षांचा हिशेब तिनं साडेतीनवर आणून दाखवीन म्हटलंय. जमेल का माहीत नाही, पण कळपशास्त्राच्या पुस्तकात जे कलम पहिलं असायला हवं, ते तिनं धारेच्या चरवीपाशी बसून लिहिलं आहे.

लम्पीची साथ आली त्या साली, २०२२ मध्ये, वहीत थोडे दिवस काहीच लिहिलेलं नाही. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत होते. गाठी आल्या, पाय सुजले, गोठ्यात कडुनिंबाचा धूर. चांदी गेली. चांदीच्या पानावर पुतण्यानं तारीख घातली आणि खाली एक ओळ लिहिली, ‘हिची कालवड नाही.’ चांदी देखणी होती, तिन्हींत सरस. पण तिला दोन्ही वेळा खोंडच झाले, तेही विकलेले. तिच्यापुरती गोष्ट तिथं थांबली. राखायला काही मागे नव्हतं.

आत्ता गोठ्यात दोन कालवडी आहेत, वर्षाच्या आतबाहेर. हरणीची आणि मोरीची दुसरी. वैरण मोजून घातली तरी एकच राखता येईल, असं पुतण्याचं गणित. हरणीची कालवड बघावी आणि बघत राहावी: शिंगांचे कोंब आतापासून नीट, मान उंच, पाऊल टाकते ते जमिनीवर उपकार केल्यासारखं. पण हात लावू देत नाही, आणि आई उशिरा फळते. मोरीची कालवड मळकट, कान थोडे मोठे, शिंगांचं काही सांगता येत नाही. पण तिची आई वर्ष-सव्वा वर्षानं न चुकता व्याते, आणि ही पदराचं टोक हुंगून चावायला बघते. एक व्यापारी येऊन हरणीच्या कालवडीला भाव सांगून गेलाय. रविवारी सांगोल्याच्या बाजाराला जाताना पुन्हा येणार आहे.

पुतण्या हरणीच्या बाजूनं, हे सांगायला नको. बघायला बऱ्या वाटतात म्हणून तर सगळा खटाटोप. वहिनी मोरीच्या बाजूनं. आण्णा म्हणाले, दोन्ही राखा, हरणी विका, तिचं आता होत आलंय. त्यावर वहिनीचा आवाज चढला, कारण हरणीचं दावं त्या बाईच्या हातातून तिनं स्वतः घेतलं होतं. मग सगळे माझ्याकडे वळले. ‘आत्या, तू सांग की. तुला कुणाची बाजू घ्यायची न्हाई.’

मी विचारलं, कडबा काय भावानं चाललाय. पुतण्यानं भाव सांगितला, आण्णांनी तो चुकीचा आहे असं सांगितलं, वहिनी म्हणाली की माहेरी तिच्या भावाकडं दोन गंजी तशाच पडून आहेत, आणायला फक्त टेम्पोचं भाडं. पुतण्या खिशातून फोन काढून टेम्पोवाल्याला लावू लागला.